रिपोर्टमधली शेवटची ओळ

आमच्या घरात इंग्रजी कागद माझ्यासाठी साठवून ठेवत.

दिंद्रुडला बाजाराच्या रस्त्यावर आमचं किराणा दुकान, दुकानाच्या मागे घर. मी बीडला मामाकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते. सुट्टीत घरी आले की पहिल्याच संध्याकाळी आत्या फळीवरून एक कापडी पिशवी काढायची. तिच्यात फवारणीच्या औषधाची चिठ्ठी, नव्या टीव्हीसोबत आलेलं पुस्तक, शेजारच्या कुणाचं नोकरीचं पत्र, असं काहीबाही असायचं. मी वाचून मराठीत सांगायची. अप्पा, म्हणजे माझे वडील, गिऱ्हाइकाकडे बघून नुसती मान हलवायचे. मला शाळेत घातल्याचं चीज झालं, असं त्या मान हलवण्यात असायचं.

एरवी मी फारसं बोलत नसे. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायची. पण कागद वाचताना भीती वाटत नसे, कारण ते बोलणं माझं नसायचं. कुणीतरी लिहिलेलं माझ्या तोंडून जायचं, एवढंच.

आत्या अप्पांची मोठी बहीण. लग्नाला चार वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्याकडे. दुपारी अप्पा झोपले की गल्ल्यावर तीच बसायची. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि कमरेला खोचलेली मिसरीची पत्र्याची डबी. सकाळी अंघोळ, मग तळहातावर लिंग घेऊन पूजा. ती होईपर्यंत कमरेच्या डबीला हात लागत नसे. पूजा झाली, चहा झाला, की पहिली चिमूट. मग प्रत्येक जेवणानंतर, प्रत्येक कामानंतर, आणि कुणावर राग आला तर मध्येही.

मिसरी ती घरीच करायची. मागच्या अंगणात चुलीवर जुना तवा ठेवून त्यावर तंबाखूची पानं पसरायची. त्या धुराने मला ठसका लागायचा, पण बघायला आवडायचं. पिवळं पान तांबूस होतं, मग तपकिरी, मग काळं. आत्या उलथन्याने पानं खालीवर करत राहायची. मी एकदा विचारलं होतं, "आता झालं का?"

"वरून बघून कळत न्हाई, माय. वरून तांबडं दिसतंय, पर बोटात धरलं की भुगा हुतो. आतून कवाच जळल्यालं आसतंय."

त्या वर्षांत आमच्या दुकानाच्या दारात माळा वाढत चालल्या होत्या. शाम्पूच्या पुड्या, धुण्याच्या पावडरीच्या पुड्या आणि गुटख्याच्या चकचकीत पुड्या. आत्याला त्या गुटख्याचा तिटकारा होता. मेंढ्या घेऊन फिरणारे एक म्हातारे, ज्यांना सगळं गाव मामा म्हणायचं, आमच्याकडे तंबाखू न्यायला यायचे, ते एकदा पुडी फोडताना दिसले तर तिने भर दुकानात त्यांना झापलं.

"ह्या वयात पोरांवानी पुड्या फोडताय व्हय? कशाचं काय घालत्यात त्यात, देवाला ठावं."

"आन तुमच्या डबीत काय तुळस हाय का आक्का?"

"घरची हाय. माज्या हातानं भाजल्याली. तोंड साफ ऱ्हातंय."

ती हे मनापासून म्हणायची. घरी केलेलं ते चांगलं, आणि जे दात घासायला वापरतात ते व्यसन नव्हे. गावातल्या निम्म्या बायका असंच मानत. लहानपणी माझी दाढ ठणकत होती तेव्हा तिने माझ्याही हिरडीवर चिमूटभर मिसरी दाबली होती. मला गरगरून आलं आणि दाढ विसरले.

अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी तिने मला आतल्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं. हातात बॅटरी दिली आणि म्हणाली, "बघ बरं आत."

तिने तोंड उघडलं. डाव्या गालाच्या आतल्या बाजूला, जिथे ती मिसरीचं बोट फिरवायची तिथेच, एक पांढरा चट्टा होता. दुधावर साय धरते तसा, पण सुरकुतलेला. मी बोट लावून पाहिलं. तो पुसला जात नव्हता.

"ठेचा खाल्ला की लई आग हुती. दोन म्हैने झाले."

"अप्पांना सांगितलंस?"

"त्याला सांगितलं की साऱ्या गावाला कळतंय. तू कुटं बोलतीस कुणाला? म्हणून तुला दावलं."

मी अप्पांना सांगितलं. तिने मला न बोलणारी म्हणून निवडलं होतं आणि मी बोलले, याचा तिला राग आला. पण आठवड्याने ती बीडला यायला तयार झाली. तिथल्या दातांच्या डॉक्टरांनी चट्टा पाहिला, बोटाने चाचपला, आणि इंजेक्शन देऊन त्यातला तांदळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. मिसरी आजपासून बंद, आणि रिपोर्ट आला की बहिणीला घेऊन भेटायला या, असं त्यांनी अप्पांना दोनदा सांगितलं.

गावात परतल्यावर मेंढ्यावाले मामा दुकानाच्या पायरीवर बसून हळहळले. "लोखंड लावू द्यायचं नव्हतं आक्का. गाठीला लोखंड लागलं की ती चवताळती." दोन दिवस मिसरीच्या डबीला आत्याने हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी डबी परत कमरेला होती, फक्त ती माझ्यासमोर उघडत नव्हती.

अप्पा माल भरायला बीडला जातील तेव्हाच रिपोर्ट आणायचा असं ठरलं. ते गेले त्या दिवशी डॉक्टर बाहेरगावी होते. कंपाउंडरने पाकीट दिलं आणि सोमवारी डॉक्टरांना भेटा म्हणून सांगितलं. अप्पा पाकीट घेऊन घरी आले. सोमवारची वाट कशाला बघायची? वाचणारी घरातच होती.

ती संध्याकाळ मला अगदी नीट आठवते, त्यातलं काही विसरावं असं वाटत असूनही. अप्पा खुर्चीवर. आई दाराला टेकून. आत्या जमिनीवर, गुडघ्याला मिठी मारून. मेंढ्यावाले मामाही पायरीवर थांबलेले. मी पाकीट फोडलं. अर्ध्या पानाचा टाइप केलेला कागद. त्यातले बरेच शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. 'सिव्हिअर डिस्प्लेजिया' असं मधोमध ठळक टाइप केलं होतं. सिव्हिअर म्हणजे तीव्र, एवढं माहीत होतं. पुढचा शब्द माझ्या शाळेच्या डिक्शनरीत असेल असंही वाटलं नाही. मग त्याच्या खालची ओळ दिसली आणि तिच्यातला कार्सिनोमा हा शब्द मला माहीत होता. त्या ओळीचा अर्थ असा होता की, आत शिरलेल्या कॅन्सरचा पुरावा दिसत नाही.

"कॅन्सर नाही," मी म्हणाले.

आत्याने डोळे मिटले आणि गळ्यातल्या डबीला हात लावला. आई रडायला लागली. मामा म्हणाले, "बगा, मी म्हणलोतो का न्हाई?" खरं तर ते उलटं म्हणाले होते, म्हणून सगळे हसले. अप्पा उठून दुकानात गेले आणि पेढ्यांसाठी कुणाला तरी हाक मारू लागले.

आणखी एक ओळ होती. शेवटची. चट्टा पूर्ण काढून टाकण्याचा आणि पेशंटवर बारकाईने लक्ष ठेवण्याचा सल्ला देण्यात येत आहे. त्या ओळीतला प्रत्येक शब्द मला येत होता. मी ती डोळ्यांनी वाचली. मग त्या ठळक शब्दाकडे परत पाहिलं. ती ओळ वाचली असती तर, कॅन्सर नाही तर मग काढायचं कशाला, असं कुणीतरी विचारलं असतं. मग मला तो मधला शब्द येत नाही, हे सांगावं लागलं असतं. अप्पांसमोर, मामांसमोर. मी कागदाची घडी घातली.

इतकंच झालं. कुणी मला वाचू नको म्हणालं नव्हतं.

मी स्वतःला समजावलं की सोमवारी अप्पा डॉक्टरांकडे जातील आणि तेच सगळं सांगतील. अप्पांना वाटलं, पोरीने वाचलंय, आता जायचं कशाला. सोमवार आला आणि गेला. महिन्याभराने मी आत्याला म्हटलं, मिसरी तरी सोड. ती म्हणाली, "न्हाई म्हणलीस ना तूच? मग सोडू कावून?"

सुट्टी संपल्यावर मी बीडला गेले, बारावी झाले, पुढे औरंगाबादला बी.एस्सी.ला गेले. मी सुट्टीत आले की आत्या तोंड दाखवायची नाही आणि मी मागायची नाही. ती पानात भाजी कमी वाढून घेते, भाकरी ताकात कुस्करते, हे मला दिसत होतं. वय झालं, दात गेले, असं आई म्हणायची.

दुसऱ्या वर्षाला पेशीविज्ञान शिकवणाऱ्या बाई होत्या. मी नेहमी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. एका सकाळी बाईंनी फळ्यावर तोंडाच्या आतल्या त्वचेचं चित्र काढलं. एकावर एक थर, खाली गोल पेशी, वर चपट्या, आणि सगळ्यांच्या तळाशी एक रेषा. त्या म्हणाल्या, कॅन्सर एका दिवसात होत नाही. तंबाखूतली द्रव्यं पेशीतल्या जनुकांवर घाव घालत असतात. बहुतेक घाव पेशी भरून काढते. एखादा राहून जातो. पेशींच्या वाढीला लगाम घालणारी जनुकं असतात, बिघडलेल्या पेशीला थांबवणारीही असतात. प्रत्येकाच्या दोन प्रती. एक गेली तर दुसरी सांभाळून घेते. दुसरीही गेली, गुणसूत्राचा एखादा तुकडाच गळाला, की त्या पेशीची लेकरं पुढची पायरी चढतात. अशा बऱ्याच पायऱ्या. या सगळ्या काळात वरून काय दिसतं? एखादा पांढरा चट्टा. कधी तेवढंही नाही.

मग त्यांनी चित्रातल्या पेशी वेड्यावाकड्या काढल्या, खालच्या रेषेपासून जवळजवळ वरपर्यंत. खालची रेषा मात्र सलग ठेवली. "ही रेषा अजून ओलांडलेली नाही, म्हणून याला कॅन्सर म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या. "असा प्रत्येक चट्टा पुढे जातोच असं नाही. पण आतले बदल कॅन्सरच्या फार जवळ आलेले असू शकतात. म्हणून हा काढून टाकायचा असतो." आणि चित्राखाली त्यांनी तो शब्द लिहिला. डिस्प्लेजिया.

मी वहीत तो उतरवून घेतला. अक्षर नेहमीसारखंच आलं. तास संपेपर्यंत मी बसून होते. मग कॉलेजसमोरच्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर गेले आणि दुकानाचा नंबर फिरवला.

"अप्पा, आत्याला डॉक्टरकडे न्या. आजच."

"कावून? काय झालं?"

"तिचं तोंड दाखवा."

"अगं तिला दुखतबी न्हाई. तूच वाचलंतं की."

बूथमध्ये माझ्यामागे दोन मुली उभ्या होत्या. त्यांच्यादेखत मला ते सांगायचं नव्हतं. मी फोन ठेवला आणि दुपारच्या एसटीने निघाले.

घरी पोचले तेव्हा आत्या गल्ल्यावर होती. मी म्हटलं, आत चल. फळीवरची पिशवी मीच काढली. कागद तिच्यातच होता, टीव्हीच्या पुस्तकाखाली. मग मी तिला बॅटरी दाखवली. तिने तोंड उघडलं. दोन बोटं जेमतेम जातील एवढंच उघडलं. चट्टा आता पांढरा नव्हता. मधोमध लाल, कडेला कडक, आणि बोट लावताच रक्त आलं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं." ती तोंड पुसत म्हणाली. "वाटलं, न्हाई म्हणून लिवल्यालं हाय, तर जाईल आपुआप."

मी कागद उघडला आणि शेवटची ओळ तिला वाचून दाखवली. आधी इंग्रजीत, मग मराठीत. आणि म्हटलं, ही मी तेव्हा वाचून दाखवली नव्हती. मधला शब्द येत नव्हता, म्हणून.

दुकानात कुणीतरी गिऱ्हाईक हाका मारत होतं. आत्या उठली नाही. तिने कमरेची डबी काढून माझ्यासमोर फरशीवर ठेवली.

"वाचली आसतीस तर मी गेले आसते का न्हाई, ते आता कुणाला ठावं," ती म्हणाली. "मीबी हट्टीच. पर वाचायची हुतीस."

तिने मला माफ केलं असं मला कधी वाटलं नाही. तसं मी मागितलंही नाही.

बीडच्या त्याच डॉक्टरांनी आम्हाला सोलापूरला पाठवलं. मांजरसुंब्याला एसटी थांबली, सगळे ढाब्यावर उतरले. आत्याने दूध मागवलं आणि बिस्कीट बुडवून, बोटाने ढकलून खाल्लं. समोरच्या ट्रकवाल्याने पुडी दातांनी फाडून तोंडात रिकामी केली. आत्या त्याच्याकडे बघत होती. जुन्या दिवसांत तिने त्याला झापलं असतं. "कुणाला काय सांगावं," एवढंच ती म्हणाली.

वाटेत अप्पांनी विचारलं, "तू म्हणतीस ते जनुकाचं. म्हंजे खानदानात हाय का हे? तुलाबी हुईल?" इतके दिवस ते हा प्रश्न मनात धरून होते. मी सांगितलं की जनुकं म्हणजे नेहमी आईबापांकडून आलेलं असंच नसतं. हे बदल आत्याच्या गालातल्या त्या पेशींपुरते आहेत, तंबाखूने तिथेच झालेले. ते रक्ताने माझ्यात किंवा कुणात उतरणारे नाहीत. अप्पांनी खिडकीबाहेर तोंड केलं. आत्या म्हणाली, "म्हंजे म्याच भाजलं ते."

ऑपरेशनच्या दिवशी नर्सने अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. बांगड्या काढल्या. लिंगाची डबी काढायला आत्या तयार होईना. जन्मात ती अंगावेगळी केली नाही, मरायची वेळ असली तर आज कशी करू, असं ती तुटक तुटक बोलत राहिली. नर्स वैतागली. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी ती कापडात गुंडाळून दंडाला बांधायला परवानगी दिली. मी बांधली. गाठ सैल बसली, म्हणून दोनदा मारावी लागली. "घट बांध," ती म्हणाली.

गालाचा तो भाग, खालच्या जबड्याचा एक तुकडा आणि मानेतल्या गाठी काढाव्या लागल्या. पुढचे काही दिवस ती बोलू शकली नाही, नाकातल्या नळीतून दूध जायचं. मग शब्द परत आले, पण कडा गेलेल्या. गाव तिला आक्का म्हणायचं, आणि तिला स्वतःला तो शब्द आता नीट म्हणता येत नव्हता.

दहा-बारा दिवसांनी काढलेल्या भागाचा रिपोर्ट आला. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी भेटणार होते. अप्पांनी पाकीट हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते उशाशी ठेवून दिलं. उद्या डॉक्टरांनाच देऊ, म्हणाले. मला त्यांचं पटलं.

आत्याने हात लांब करून पाकीट उचललं आणि माझ्या मांडीवर टाकलं.

"वाच."

"उद्या डॉक्टर..."

"उद्या त्यांचं ऐकू. आज तू वाच. समदं. न्हाई कळलं तितं न्हाई कळलं म्हण."

वॉर्डात वीसेक खाटा होत्या. शेजारच्या खाटेवरची बाई आणि तिचा मुलगा आमच्याकडे बघत होते. मी पहिल्या ओळीपासून सुरू केलं. प्रत्येक ओळ इंग्रजीत, मग मराठीत. गाठ किती मोठी, कुठपर्यंत आत गेलेली. तिसऱ्या ओळीत एक शब्द आला. "हे मला कळलं नाही," मी म्हणाले. आवाज बारीक निघाला.

"आं?" आत्या म्हणाली.

"हे मला कळलं नाही," मी मोठ्याने म्हणाले.

तिने मान हलवली. अप्पांनी खिशातून पेन काढून तो शब्द हातावरच उतरवून घेतला, मी सांगेन त्या अक्षरांनी. पुढे आणखी तीन ठिकाणी मला अडलं. शेवटची ओळ मी दोनदा वाचली. कापलेल्या कडांपैकी तीन कडा स्वच्छ आहेत, त्यांत कॅन्सर नाही. मागच्या कडेलाही कॅन्सर नाही, पण तिथल्या पेशींत सौम्य डिस्प्लेजिया आहे. नियमित तपासणीचा सल्ला.

आत्या ऐकत होती. पट्टी बांधलेल्या गालामुळे तिचा चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा झाला होता.

"म्हंजे हाय का न्हाई?"

मागच्या वेळीही तिला एवढंच हवं होतं आणि मी त्यातलं एक देऊन टाकलं होतं. मला बाईंचं फळ्यावरचं चित्र आठवलं, खालची सलग रेषा.

"आत्ता नाही," मी म्हणाले. "पण जे तोंड चांगलं दिसतंय, त्यातही काही पेशी बदललेल्या आहेत. त्या तशाच राहतील किंवा पुढे जातील, आज कुणाला सांगता येणार नाही. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी इथे दाखवायचं. आणि मधल्या काळात घरी मी बघीन."

"बॅटरीनं?"

"बॅटरीने."

ती कुशीवर वळली. मानेवर टाके असल्याने लिंगाची डबी अजून दंडालाच होती; तिची सैल झालेली गाठ तिने माझ्यापुढे केली.

"आसं सांगायचं आसतंय," ती म्हणाली. "आता ही बांध."